धुळ्याच्या पैलवानाची टाच

दहावीच्या गणितात मी दोनदा आपटलो आणि घरात वाटणी होऊन गेली: डोकं थोरल्या भाऊंकडे, अंग माझ्याकडे. भाऊ जळगावात गणिताचे मास्तर, पिंप्राळ्यात घर, दाराशी स्कूटर. मी सावद्याला केळीचे घड वाहायचो आणि संध्याकाळी तालमीत जायचो. "अंगाने वाढलास, बाकी आनंद आहे," असं भाऊ हसत म्हणायचे. रागावून म्हणाले असते तर चाललं असतं. ते हसणं मला फार लागायचं.

आमचे वस्ताद पारोळ्याकडचे. सलामी झाली की मी डोळे मिटल्यासारखा धडकायचो आणि तितक्याच झपाट्याने पाठीवर पडायचो. "तुना अंगमा बठ्ठं शे. थांबानं शिक," असं ते कळवळून सांगायचे. अंगात सगळं असलं तरी थांबणं मला मातीत जमत नव्हतं, बागेत मात्र रोज जमायचं. दांडा कापला की घड खांद्यावर येतो. तो कुठे कलणार हे कलायच्या आधी अंगाला कळावं लागतं. घाई केली की घड घासतो, काळा पडतो, आणि व्यापारी तोंड वाकडं करतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका यात्रेत माझी कुस्ती धुळ्याच्या पैलवानाशी लागली. माझ्याहून थोराड, पण चेहरा गरीब. भाऊ पहिल्यांदाच बघायला आले होते. माझे कपडे हातावर घेऊन आखाड्याच्या कडेला उभे होते, म्हणून त्या दिवशी मला जिंकायचंच होतं.

त्याने दोनदा माझा पाय धरून मला खाली आणलं. दोन्ही वेळा मी कसाबसा पालथा पडून पाठ वाचवली. लोक हसत होते. भाऊंनी मान खाली घातलेली मला दिसली. पण मातीत तोंड खुपसलेलं असताना एक गोष्ट लक्षात आली. पायाकडे झेपावण्याआधी त्याची उजवी टाच उचलली जायची, अगदी बोटभर.

उठलो आणि धडकलो नाही. डावा पाय थोडा पुढे ठेवला, घे म्हटल्यासारखा, आणि थांबलो. टाच उचलली गेली. मी पाय काढून घेतला, तो मोकळ्या मातीवर आला, मी पाठीमागून चढलो आणि त्याला उलटा केला. चीतपट!

तो अंग झटकत उठला आणि स्वतःच हसला. "टाच ना? आमचे वस्ताद पण तेच बोंबलतात," म्हणाला आणि मला मिठी मारून गेला. भला माणूस.

भाऊ कपडे घेऊन जवळ आले. "टाच म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, पाय पुढे का ठेवला तेही. ते वाकून मातीतल्या खुणा बघू लागले.

"आणि त्याने तुला फसवायला मुद्दाम टाच उचलली असती तर?"

आजवर भाऊंनी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. या वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.