गिळलेला ‘अ’

घरवाटप कार्यालयाच्या चौकशी खिडकीवर अकरा वर्षं जी बाई फोन घेत होती, तिला जन्मापासून दिसत नव्हतं. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर. समोरच्याने अर्जाचा क्रमांक सांगितला की संगणक तिला निकाल वाचून दाखवायचा आणि ती तो फोनवर सांगायची. अकरा वर्षांत एक चूक नाही, हा तिचा तोरा होता. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, पाठीमागे ‘कानवाली’. अर्थात, पाठीमागचं तिला आधी ऐकू यायचं.

मग संगणक विभागाला नवे साहेब आले. जुनी व्यवस्था लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवरची, लहान लहान सुट्या प्रोग्रॅमांची होती. साहेबांना ती भिकारडी वाटली. “चार सुटे तुकडे सांभाळत कोण बसणार?” म्हणत त्यांनी सगळीकडे एकच भलंमोठं पॅकेज चढवलं. पडद्यावरची चित्रं म्हणे चमकू लागली. ताईच्या कानाला मात्र ‘नगर’चं ‘गर’ आणि ‘सदनिका’चं ‘दनिका’ ऐकू यायला लागलं. तेही सारखं नाही, मध्येच कधीतरी. तिने दोनदा लेखी तक्रार केली. साहेब जाता जाता म्हणाले, “होईल सवय, ताई.”

तिने सवय करून घेतली. तुटका शब्द आला की मनातल्या मनात पुरा करायचा. घात तिथेच झाला, कारण काही शब्द तुटले तरी तुटके वाटत नाहीत.

एका दुपारी खिडकीशी कुणीतरी जड ट्रंक खाली ठेवली. मागे लहान मूल कुरकुरत होतं. एका म्हातारीने विचारलं, “फोनवर तुम्हीच सांगितलंत ना, आमचा अर्ज मान्य झाला म्हणून? आम्ही भाड्याची खोली सोडून आलो.”

ताईने क्रमांक घातला. शेजारचा कारकून पडद्यावर वाकला आणि हळूच म्हणाला, “ताई, अमान्य आहे हा.”

म्हातारी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुला दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं गं. ठाऊक असतं तर दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.”

चौकशी झाली. साहेब म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाही. ताईंनी कान तपासून घ्यावेत, वय कुणाला चुकलंय?” ताईला चाळिशीही लागली नव्हती. तिला टपालखोलीत पाठवलं, पाकिटं चिकटवायला.

ती थोरल्या बहिणीकडे राहायची. बहीण म्हणाली, “जाऊ दे. पगार तोच आहे ना?”

“जाऊ देणार नाही,” ताई म्हणाली आणि ताटावरून उठली.

भावोजी एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत संगणक सांभाळायचे. त्यांनी तेच पॅकेज घरच्या मशीनवर चढवलं आणि विचारलं, “अक्षर नेमकं कधी जातं?”

ताईने संध्याकाळभर ऐकलं. “लागोपाठ वाचलं तर जात नाही. मशीन थोडा वेळ गप्प बसलं, की त्यानंतरच्या शब्दाचं डोकं उडतं.”

“मग साउंड कार्ड, म्हणजे आवाज काढणारा भाग, झोपतोय,” भावोजी म्हणाले. “साउंड सर्व्हर म्हणजे आवाजाचा मुकादम. कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या स्पीकरात सोडायचा, ते तो ठरवतो. पाच सेकंद शांतता झाली की तो साउंड कार्डाला झोपवतो, वीज वाचवायला. जागं होईपर्यंत पहिलं अक्षर गेलेलं असतं. अमान्यचं मान्य. अपात्रचं पात्र.”

“हे काढता येत नाही?”

“साहेबांच्या गाठोड्यात नाही, सगळं एकात एक शिवलेलं आहे. आमच्या स्टुडिओत हाच सर्व्हर सुट्या तुकड्यांचा आहे. झोपवणारा तुकडा वेगळा. तो काढला तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ती व्यवस्था मी इथे चढवतो; त्या तुकड्याची एकच ओळ आहे. बस इथे, तूच खोड.”

तिने ती खोडली. मग मुद्दाम मिनिटभर थांबून निकाल वाचायला लावला. ‘अमान्य’. अ सकट, ठणठणीत. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एका ओळीपायी.

“साहेबांना सांग, दुरुस्त करतील,” भावोजी म्हणाले.

“ते गुपचूप दुरुस्त करतील आणि खोट माझ्या कानातच राहील. मला त्यांचे कान हवेत.”

तिने फेरचौकशीचा अर्ज केला. तीन आठवडे पाकिटं चिकटवत डाव रचला. शेजारच्या कारकुनाकडून तिने दहा अर्जांचे क्रमांक मिळवले आणि कुठे किती थांबायचं ते पाठ केलं.

फेरचौकशी संचालक मॅडमच्या समोर होती. ताईची मागणी एकच: साहेबांनी तिच्या खुर्चीवर बसावं, पडदा बंद, हेडफोन कानाला; ती क्रमांक सांगेल, त्यांनी निकाल सांगावा. साहेब हसत खुर्चीत बसले.

ताईने पहिला क्रमांक सांगितला. “मान्य,” साहेब म्हणाले. कारकुनाने कागद वाचला, “अमान्य.” ताईने मनात दहा मोजले आणि दुसरा दिला. “पात्र.” “अपात्र.” पुन्हा दहा. “पूर्ण.” “अपूर्ण.”

“पुरे,” मॅडम म्हणाल्या. “समजलं मला.”

“दहा आहेत, मॅडम. माझी चूक धरली तेव्हा कुणी पुरे म्हणालं नव्हतं.”

सहाव्यापर्यंत साहेबांचा आवाज बसला. सातवा तिने क्षणभरही न थांबता दिला. मशीन जागंच होतं, त्यामुळे शब्द पुरा आला. पण साहेब आता शहाणे झाले होते. “अपात्र,” ते ठासून म्हणाले.

“पात्र,” कारकुनाने वाचलं.

खोलीत कुणी हसलं नाही. ताई मात्र हसली, आणि ते लपवायला तिने मान फिरवली नाही. उरलेले तीनही तिने करून घेतले.

तिला खिडकी परत मिळाली आणि तिच्या मशीनवर सुट्या तुकड्यांची व्यवस्था तिने स्वतः बसवली. मॅडमनी नवं पॅकेज चढल्यापासूनच्या चार महिन्यांतले निकाल ताडून पाहायला लावले. तेवीस लोकांना उलटं सांगितलं गेलं होतं. “त्यांना साहेबांनी फोन करावेत,” ताई म्हणाली, “माझ्यासमोर.”

साहेब फोनवर म्हणायचे, “तांत्रिक अडचणीमुळे…” की ताई टेबलावर बोट आपटायची. “माझ्या चुकीमुळे, साहेब. पहिला शब्द गिळू नका.” बावीस वेळा ते म्हणाले. एकाने त्यांना आईवरून शिवी दिली, ती तिने चवीने ऐकली.

म्हातारीचा फोन मात्र लागला नाही. क्रमांक बंद. दिलेल्या पत्त्यावरची खोली तर त्यांनी सोडलेलीच. ताईने साहेबांना रोज अकराला खिडकीशी बोलावून तो क्रमांक लावायला लावला. महिनाभर ते आले, मग बदली मागून गेले. जाताना म्हणाले, “ताई, आता तरी माफ करा.”

“म्हातारीला विचारून सांगते,” ती म्हणाली आणि पुढचा फोन उचलला.