आभाळाकडं न्हाई, दोरीकडं

“अवो, ओळ झोपलीय तुमची. उजवीकडं वर घ्या,” सुमन म्हणाली. जामखेडच्या बाजारात कापडदुकानाची भिंत रंगवत होतो. मी शिडीवर, बायको स्टुलावर. अक्षरं सरळ यावीत म्हणून पेंटर खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून भिंतीवर सोडतो, तिची रेघ उमटते. दुसरं टोक कायम सुमनकडं. ते आमचं शेवटचं काम. पुढच्याच महिन्यात ती गेली.

त्या दिवशी एका सरांनी खालून तिचा फोटो काढला होता. सर सांस्कृतिक इतिहासकार. म्हणजे आपण काय खातो, काय नेसतो हे आपल्यालाच समजावून सांगणारा माणूस. त्याला पगार असतो. आमच्या भागाची ओळख शोधण्यात सरांची सारी नोकरी गेली. ती हरवलीय हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

परवा त्यांच्या प्रदर्शनाच्या पाट्या रंगवायला मलाच बोलावलं. हॉलच्या मधोमध दाराएवढा फोटो. सुमन. मान वर, एक डोळा बारीक. हात आणि दोरी कापून टाकलेली. खाली लिहायचा मजकूर सरांनी दिला: ‘आभाळाकडे डोळे लावलेली दुष्काळी स्त्री’.

“सर, ही आमची मंडळी. वारली.”

“अरेरे. पण काय चेहरा आहे, काका! अख्ख्या प्रदेशाची वेदना आहे यात.”

“वेदना कसली? माझी ओळ वाकडी हुती, ती बघतीय.”

“तपशील तसा असेल. आशय मोठा आहे.”

“मग निदान नाव तरी घालू द्या.”

“नाव घातलं की ती कुणीतरी एक बाई होते. मला प्रातिनिधिक चेहरा हवाय. उद्या उद्घाटन आहे, तेवढं लिहून टाका.”

“व्हय,” म्हणालो. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा धंद्याचा नियम.

सकाळी लवकर हॉलवर गेलो. दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं. खिळा काही बोलत नाही, त्यामुळं रेघ दोनदा पुसावी लागली. मग फोटोखाली लिहिलं: ‘सुमन. नवऱ्याची ओळ तपासताना.’

राहिली दारावरची सरांच्या नावाची पाटी. तिथं लिहिलं: ‘गावोगाव फिरणारे अभ्यासक, एक प्रातिनिधिक चेहरा’.

“काका, माझं नाव कुठंय?” सर दारातच ओरडले.

“रंग तयार हाय, सर. आधी आतली पाटी बघून या.”

बघून आले. बराच वेळ लागला. पाहुण्यांची गाडी फाटकात वळताना दिसली, तेव्हा म्हणाले, “राहू दे तुमचं. माझं नाव घाला.”

घातलं. घाईत ओळ जरा झोपली. झोपू दिली.