सत्काराचा घोडा

कुठे घोडा दिसला, की केज तालुक्यातलं ते प्रकरण अजूनही आठवतं. दुष्काळाचं वर्ष होतं. गावोगाव टँकर फिरत होते, गुरं छावणीत होती. एका सहकारी संस्थेच्या चेअरमननी पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला नामांकित घोडा आणून ठेवला होता. त्याच्यावर बसून शर्यती जिंकलेला जॉकीच त्याची निगा राखायचा. दोघांचा जाहीर सत्कार ठरला आणि नेमका त्याच सकाळी घोडा तबेल्यातून गायब!

चेअरमन ठाण्यात आले ते तापलेलेच. संध्याकाळी मिरवणूक होती, पाहुणे निघाले होते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, नाकाबंदी लावली आणि जॉकीला समोर बसवलं. पन्नाशीचा, काटक, भलताच मानी माणूस. चहाला हात लावला नाही, की तोंड उघडलं नाही. हवालदाराने पट्टा दाखवला, तरी ढिम्म. माझंही डोकं फिरलं. घोडा एकदा जिल्ह्याबाहेर गेला, की हाती लागणं कठीण होतं.

दुपारी खबऱ्या आला. छावणीच्या कडेला गोणपाट पांघरलेलं एक जनावर हाय, म्हणाला. बाकीची गुरं बसून रवंथ करत होती, हे काही केल्या बसत नव्हतं. घोडा उभ्याउभ्याच विसावतो; मी टोपी उचलली. जॉकीचा चेहरा उतरला.

"साहेब, माझ्यावर केस करा. पण आज त्याला गावात नेऊ नका."

मग सगळं बाहेर आलं. घोडा त्यानेच छावणीत लपवला होता. आमच्याकडे सत्कार म्हणजे हलगी, फटाके, गुलाल आणि घोडा असला की वर माणूस हवाच. चेअरमन स्वतः बसणार होते, आणि गडी चांगला वजनदार. घोड्याचा पुढचा पाय शेवटच्या शर्यतीत अधू झालेला. जॉकीने आधी सांगून पाहिलं, तर एवढ्या शर्यती मारलेला घोडा मला उचलणार न्हाई व्हय, म्हणून चेअरमन हसले होते.

"त्या शेवटच्या शर्यतीत तो लंगडतोय हे मला कळलं व्हतं," जॉकी म्हणाला. "तरी मी चाबूक वडला. आता तो पाय मोडला तर गोळीच घालावी लागल त्याला."

मी चेअरमनना छावणीत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "खुशाल बसा. घोडा पडला तर पंचनामा मीच करीन." त्यांनी वाकून तो पाय चाचपला. मग स्वतः दोर धरून पायी निघाले. हलगी त्यांनीच बंद करवली. तक्रारही लिहून दिली नाही.

तक्रारदार खरं बोलत असला, म्हणून समोर बसवलेला माणूस चोर असतोच असं नाही. तेव्हापासून मी संशयिताला 'कुठे' विचारण्याआधी 'का' विचारत आलो.

व्यासपीठावर चेअरमननी जॉकीच्या खांद्यावर शाल घातली. तो खाली उतरला, वाकला आणि त्याने ती शाल घोड्याच्या त्या पायाला गुंडाळली.