घेतलं का दिलं

“तोंड तिकडे, सर.”

आपल्या जुन्या मास्तरला असं सांगायची हिंमत माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकीनेच केली. ती गुडघ्यांवर बसायची, एक पारदर्शक डबा जमिनीत रोवलेल्या गोल कड्यावर उपडा ठेवायची आणि स्वतःही मान वळवून श्वास रोखून धरायची. डब्याला जोडलेलं यंत्र आतल्या हवेतला कार्बन मोजायचं. त्यात माणसाचा उच्छ्वास मिसळला की मोजमाप बिघडलंच. “तुमचा श्वास नकोय मला, जमिनीचा हवाय,” ती म्हणायची. मी न्याहारीला कांदा खाल्लेला तिला कळतो की काय, अशी मला बरेच दिवस शंका होती.

मी भोरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. टुंड्रा प्रदेश मी दोन परिच्छेदांत उरकायचो. कायम गोठलेली जमीन, शेवाळ, दगडफूल, रेनडियर, चला पुढचा धडा. घाट उतरून फार तर महाडपर्यंत गेलेला माणूस याहून जास्त काय सांगणार? तुम्हीही तो धडा असाच शिकला असाल. तिने मात्र तो मनावर घेतला आणि मोठी होऊन थेट तिथे जाऊन पोचली.

ती मूळची गुंजवण्याची. धरणात शेत गेलं तेव्हा तिचे आईवडील भोरला आमच्या आळीत राहायला आले. पुढे वडील वारले, आई अंथरुणाला खिळली, म्हणून ती परदेशातलं काम सोडून परतली. एके दिवशी सकाळी माझ्या दारात उभी राहिली.

“जय भीम, सर. तुमचा टुंड्रा बघून आले.”

“ये, ये! कसा आहे?”

“तुम्ही कायम गोठलेली जमीन म्हणाला होतात. त्यातलं ‘कायम’ खोडा.”

मग चहा पिता पिता तिने मला तो धडा नव्याने शिकवला. ओल्या, थंड जागी झाडपाला मरतो, पण पुरता कुजत नाही. थरावर थर साचत जातो आणि झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन त्या काळ्या मातीत अडकून राहतो. टुंड्रात तो बर्फाने दाबून धरलाय, दलदलीत पाण्याने. बर्फ वितळला किंवा पाणी गेलं की कुजणं सुरू होतं आणि जमीन घेतलेलं सगळं हवेला परत देऊ लागते. त्याने हवा आणखी तापते, मग आणखी बर्फ वितळतो. जिथे तिने वर्षानुवर्षं डबा ठेवला होता ती जमीन एका उन्हाळ्यात खचली. पुढच्या खेपेला तिथे डबकं होतं आणि त्यातून बुडबुडे येत होते.

“माझी कडी त्याच्या तळाशी आहेत,” ती म्हणाली आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोबणीत, एक दलदल होती. फार मोठी नाही, शाळेच्या पटांगणाएवढी असेल. पाय ठेवला की भोवतालची जमीन हलायची, म्हणून लोक तिला हलती म्हणत. गुरं तिकडे फारशी फिरकत नसत, माणसंही नाहीत. हिने तिथे कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काळी माती बाहेर काढली, हुंगली आणि मला म्हणाली, “सर, ही इथल्या उष्ण हवेत असायला नको खरं तर. पण आहे!” तिला इतकी आनंदात मी शाळेतही पाहिली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी माझ्या मोटारसायकलवर डबा बांधून आम्ही दोघं निघायचो. माझी बायको म्हणायची, निवृत्त झाल्यावर लोक देवाला जातात, हे चिखलाला जातात.

दलदल दबू नये म्हणून तिने जुन्या फळ्या टाकून वाट केली होती. शेजारचं भाताचं खाचर ठकूआजींचं. आजी बांधावर बसून सगळं बघत. हिने त्यांना सांगितलं होतं, “जमिनीचा श्वास मोजते. घेते का देते ते बघायचं.” तेवढं त्यांना पुरलं. मोजून झालं की बांधावरून हाक यायची, “काय गं बाय, आज घेतलं का दिलं?”

“घेतलं, आजी!”

“गुणाची हाय माजी हलती!”

एकदा आजींची म्हैस नेमकी डब्याजवळ येऊन फुसफुसली आणि यंत्रावरचा आकडा उसळला. आजींनी धावत येऊन म्हशीचं मुस्काट दोन्ही हातांनी फिरवलं. “तोंड तिकडं कर गं भवाने! बाईंचं मोजाप चाललंय!” हसून हसून माझी विद्यार्थिनी फळीवर आडवी झाली.

दलदल थोडा मिथेनही सोडायची, तो हवा जास्तच तापवतो. मी काळजीने विचारलं तर म्हणाली, “निव्वळ पुण्यवान कुणीच नसतं, सर. पण सगळी गोळाबेरीज केली तर ही अजून घेतेय.” त्या ‘अजून’वर ती जगत होती. दूर उत्तरेत, टुंड्रात, जे तिच्या हातून निसटलं होतं, त्यातलं एवढंसं तरी इथे शाबूत होतं. यापलीकडे तिने कुणाकडे काही मागितलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात ती फळीवरून घसरली आणि मांड्यांपर्यंत रुतली. आजींनी आरडाओरडा केला, गडीमाणसं धावली, कासऱ्याने तिला ओढून काढलं. अंगभर चिखल, पायांना खरचटलेलं. आजी पदराने तिचं तोंड पुसत राहिल्या. “कुनाची लेक ही, आन् काय हाल चाललेत,” असं म्हणून त्या चक्क रडल्या.

जूनमध्ये ती पुन्हा उत्तरेला गेली. तिथल्या जागेवरची यंत्रं काढून आणायची होती, मोजण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. आई तोवर मावशीकडे होती. मी पावसाळाभर घरीच बसलो, गुडघा दुखत होता.

दसऱ्यानंतर ती आली आणि आम्ही हिर्डोशीला गेलो. गावाच्या तोंडाशीच माणसं थांबली होती. तिला पुढे घालून वर नेलं. हलतीच्या खालच्या अंगाला खोल चर खणला होता, दगडांनी नीट बांधून काढला होता. त्यातून पाणी खळखळत ओढ्याला जात होतं. मध्ये मुरूम टाकून ओटाही केला होता. गणपतीला मुंबईहून आलेल्या पोरांसकट सगळ्या गावाने श्रमदान केलं होतं. फळ्या धुऊन एका कडेला रचून ठेवल्या होत्या.

“बाईस्नी किती दिस चिखलात उभं करायचं?” ठकूआजी म्हणाल्या. “आता चपला घालून मोजा. पडायचं भ्या न्हाई.”

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ती ओट्यावर जाऊन उभी राहिली, चपलांसकट. म्हणाली, “लई मेहनत घेतलीत, आजी.” मग आजींच्या घरी नाचणीची भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली. गाव खूश होतं.

परत येताना वाटेतल्या धरणाच्या पाण्याशेजारी तिने मोटारसायकल थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला बसली आणि ओक्साबोक्शी रडली. “सर, मी जगभर व्याख्यानं दिली. पाणी गेलं की सगळं जातं, हे कुठल्या कुठल्या लोकांना सांगितलं. आजींना सांगितलं नाही.”

दिवाळीत तिने हसत हसत पोरांना म्हटलं, जरा पाणी अडवायचंय. त्यांनी कारण न विचारता चर बुजवला. पण ती माती एकदा वाळली की पहिल्यासारखं पाणी धरत नाही. तिला भेगा पडल्या, पाणी खालून निघून जाऊ लागलं. जमीन आता हलत नव्हती. ती ओट्यावर बसून डबा ठेवायची, मान वळवायची आणि आकडा वहीत टिपायची.

“घेतलं का दिलं?” बांधावरून हाक यायची.

“घेतलं, आजी.”

मी आकडा बघितलेला असायचा.

शिमग्यानंतर डोंगरावर नेहमीसारखा वणवा पेटला. गवत एका संध्याकाळीत जळून गेलं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण या वेळी आग सुकलेल्या हलतीत शिरली. वर ज्वाळा नव्हती, जमिनीतून नुसता धूर येत राहिला. बायकांनी हंडे ओतले, कुणी नारळ फोडला. धूर थांबला तेव्हा काळ्या मातीची तांबूस राख झाली होती आणि पाऊल टाकलं की आत पोकळ लागत होतं. तिने डबा आणलाच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं ते सगळं हवेत गेलं, ते मोजून काय करायचं?

आई वारल्यावर ती पुण्याला गेली. आता एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षांचं गणित शिकवते. मध्ये मी तिला फोन केला होता. विचारलं, “मोजणं अगदी सोडलंस का गं?”

“किती वेळा ‘दिलं’ म्हणायचं, सर?” ती म्हणाली. “आणि आजींना तर ते एकदाही म्हणता आलं नाही.” मग तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी तिला धीर द्यायला हवा होता. पण कशाचा देणार, ते तुम्हीच सांगा.

मागच्या महिन्यात हिर्डोशीला गेलो होतो. ठकूआजी आता वाकल्या आहेत. मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. राखेच्या खड्ड्याशेजारी तो ओटा तसाच उभा आहे, शेणाने सारवलेला. आजी दर आठवड्याला सारवतात.

“बाईस्नी सांगा, जागा कशी ठणठणीत कोरडी ठेवलीया,” त्या म्हणाल्या. “कवा बी या म्हणावं. आमच्या हातनं त्यांचं येवढं तरी काम झालं, व्हय ना, सर?”

मी तोंड तिकडे केलं.