दुभत्या कागदांचं दान

परभणीत जनावरांवर जीव लावणारे पुष्कळ, पण कागदांना गोठ्यातल्यासारखं जपणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक. जन्मभर एका जिनिंगमध्ये कापूस तोलून ते निवृत्त झाले होते, आणि मुंबईच्या एका गिरणीचे शेअर त्यांच्यापाशी होते. जिनिंगच्या मालकाच्या नादानं कधीकाळी स्वस्तात घेतलेले, आता चांगलेच वधारलेले. ते त्यांना शेअर म्हणत नसत, म्हैस म्हणत. दर शनिवारी अंगणात बाज टाकून कागद उन्हाला ठेवायचे, कसर लागू नये म्हणून मधे कडुलिंबाचा पाला. भाव चढला की ‘म्हैस अंगानं भरली’, लाभांश आला की ‘दूध आलं’. कंपनीनं एकदा बोनसचे शेअर दिले तेव्हा ‘म्हैस व्याली’ म्हणून जवळच्या झरी गावाहून चीक मागवून त्यांनी गल्लीभर खरवस वाटला, आणि फाइलीला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला. मला हसू आलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए.; दृष्ट-बिष्ट मानत नाही, असं मी सुनावलं.

“तुमी नका मानू, मास्तर,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्याकडं हाय काय दृष्ट लागण्यासारखं?”

त्या काळात खेड्यातल्या पोरांसाठी चालवलेल्या बोर्डिंगची चूल बंद पडायच्या बेतात होती. त्याच चुलीवर जेवून मी शिकलो, म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलेलं. चूल विझली असती तर वीस-बावीस पोरं वळकटी बांधून गावी गेली असती, आणि गेलेलं पोरगं परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. घरमालकांना मूलबाळ नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, “म्हैस बोर्डिंगला देतो.”

“काका, विकून पैसेच द्या ना,” मी व्यवहाराचं बोललो.

“दुभतं जनावर दान देतेत, बाजारात नेऊन त्याच्या नोटा न्हाई. नोटा तुमी सालभरात खाताल. दूध दरसाल येईल.”

काकू आतून म्हणाल्या, “द्या एकदाचं. सवत सांभाळल्यावानी झालंय मला.”

बोर्डिंगच्या ओसरीवर, साऱ्या पोरांदेखत, त्यांनी हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली. सही उर्दूत, निजामाच्या शाळेतली, लय वळणदार. आणि मी हात धरायच्या आत तुळशीचं पान ठेवून वर पळीभर पाणी सोडलं. पाण्यावाचून दान पुरं कसं होणार? शाई फॉर्मभर पसरली. आम्ही तो वाळवून तसाच पाठवला. सही ओळखू येत नाही, नवा फॉर्म करा, असं म्हणून कंपनीनं परत केला. तोवर घरमालकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं.

आता सही जुळल्याशिवाय म्हैस दाव्यातून सुटणार नव्हती, आणि बोर्डिंगचा आचारी तर महिनाअखेरीला जातो म्हणून बसलेला. घरमालकांनी माझ्या मुलीची पाटी मागून घेतली. रोज सकाळी बाजेवर बसून सही गिरवायची, पुसायची, पुन्हा गिरवायची.

“आजोबा, अजून येईना का तुमाला?” मुलगी विचारी.

“यायलीय की. एक नुक्ता तेवढा पळायलाय.”

तिसऱ्या आठवड्यात नुक्त्याचं टिंब जागेवर बसलं. नव्या फॉर्मवर सही झाली तेव्हा पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतःच डाव्या हातानं लांब सारला. “कोरडंच होऊ द्या औंदा.”

यावेळी सही जुळली. येणाऱ्या दुधाच्या भरवशावर आचारी थांबला, पोरंही थांबली.

पुढं दोन हिवाळे ते होते. मी दिसलो की एकच विचारायचे, “पोरायला पुरायलंय ना दूध?”

ते गेल्यानंतरच्या वर्षी बोर्डिंगच्या पत्त्यावर कंपनीचं जाड पाकीट आलं. आत बोनसचे शेअर. ही बातमी ज्यांना सांगायची तेच नव्हते. शनिवारी मी ते कागद घेऊन खाली अंगणात गेलो. काकूंनी काही न विचारता बाज टाकली, पाला मी तोडून आणला. उन्हं उतरल्यावर फाइल बांधायला घेतली, तर त्यांनी आतून काळा दोरा आणून दिला.

“तुमी दृष्ट मानत न्हाई ना, मास्तर?”

“नाही मानत,” मी म्हणालो, आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.