काटा एकवर

माझ्या घराचं दार लागू नये म्हणून मी स्वतःच्या हाताने त्याची स्प्रिंग ढिली केली, आणि ती किती ढिली केलीय ते दाखवणारा काटा तसाच सगळ्यांना दिसेल असा सोडून दिला. चोरी करून जाताना आपलं नाव-पत्ता लिहून ठेवणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. आरशात सोडून.

बँकेत किंवा दवाखान्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक लांबट पेटी बसवलेली असते. आपण दार ढकलून आत जातो, मागे वळूनही बघत नाही. दार ती पेटी लावते. तिला डोअर क्लोजर म्हणतात. आत एक दणकट स्प्रिंग आणि थोडं तेल, बाकी काही नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ह्या पेट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तीस वर्षं काढली.

त्या तीस वर्षांत माझं स्वतःचं असं कर्तृत्व एकच. स्प्रिंगचा जोर कमी-जास्त करायला पेटीच्या टोकाशी एक स्क्रू असतो. पूर्वी फिटर लोक आटे मोजत तो फिरवायचे. चार आटे झाले की चहा यायचा, आणि चहा झाला की किती झालेले ते कुणालाच आठवायचं नाही. मग कुठे दार लागायचंच नाही, तर कुठे आत शिरणाऱ्याच्या टाचेवर येऊन बसायचं. मी म्हटलं, पेटीला छोटी खिडकी ठेवू. आत लाल काटा, खाली एक ते सहा आकडे. स्क्रू फिरवला की काटा सरकेल, मोजायला नको.

मालक म्हणाले, "अहो, दाराच्या डोक्यावर बसलेला काटा बघायला स्टूल घेऊन चढणार कोण?"

मी म्हटलं, "कुणी बघो न बघो, काटा खोटं बोलणार नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की निवृत्तीच्या भाषणातही मी ते दोनदा घेतलं. निरोपाला शाल, नारळ आणि एक डोअर क्लोजर मिळाला. बायकोने नारळाच्या वड्या केल्या, शाल कपाटात गेली, पेटी माळ्यावर. वर्षभरात बायकोही गेली.

डोंबिवलीत आमच्या मजल्याची दारं सकाळी दुधाबरोबर उघडायची ती झोपतानाच लागायची. दिवसा दार लोटलेलं दिसलं तर लोक विचारत यायचे, "काय हो, बरं नाही का?" बंगळूरचा मुलगा म्हणाला, "बाबा, एकटे राहायचं तर लिफ्ट हवी, सिक्युरिटी हवी." म्हणून दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर आलो. खिडकीतून दिवसभर ट्रॅफिक जाम दिसतो. म्हणजे माणसं हजारोंनी आहेत, फक्त सगळ्यांच्या काचा वर.

आमच्या मजल्यावर चार घरं. समोर आयटीतलं नवरा-बायकोचं जोडपं. एक घर बंदच असतं. आणि लिफ्टच्या बाजूला एक ऐंशीच्या घरातल्या बाई, ज्यांना सगळी सोसायटी आय म्हणते. आमचं पार्किंग आहे तिथे त्यांचं भातशेत होतं. त्यांच्या दाराला आतून एक काळा वरवंटा टेकवलेला असायचा, दार वाऱ्याने लागू नये म्हणून. लिफ्टकडे जाताना मी मान सरळ ठेवून पुढे जायचो. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हा संस्कार.

माझं दार मात्र वाऱ्याने सारखं आपटायचं. म्हणून माळ्यावरून आणलेली पेटी मी हौसेने बसवली. पहिल्या दिवशी स्क्रू ढिलाच राहिलेला. दार चार बोटं उघडं राहिलं, आणि थोड्या वेळाने बेल वाजली. समोरची सून म्हणावी अशी मुलगी.

"काका, दार उघडं राहिलंय तुमचं."

"हो का? अरेच्चा!"

"बरे आहात ना? जेवलात?"

पाच मिनिटं बोलली असेल. ती गेल्यावर मी जुन्या सवयीने काटा तीनवर नेला. दार खट्ट करून लागलं, अगदी नमुनेदार. पुढचे आठ दिवस त्या नमुनेदार दाराकडे मी एकटाच बघत होतो.

नवव्या दिवशी स्टूल घेतलं. काटा दोनवर आणून बघितला; दोनला दार कुरकुरत का होईना, पण लागतं. एकला बरोबर चार बोटं राहतं. आयुष्यभर दारं लागावीत म्हणून जी विद्या कमावली, ती अशी उलटी कामाला लावली.

आणि माणसं यायला लागली की हो! कुरिअरवाला, वॉचमन, समोरची मुलगी. तिचा नवरा कानातला इअरफोन न काढताच "अंकल, डोअर!" एवढं म्हणून अंगठा दाखवून जायचा. तोही मी हिशेबात धरायचो. पण खरा लाभ म्हणजे आय. गुडघ्यांसाठी त्या संध्याकाळी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायच्या. काठीने दार ढकलून सरळ आत.

"ए बाला, दार उघरं टाकून बसलास? चोर शिरंल कवातरी."

"स्प्रिंग गेलीय, आय."

"तूच ना रं ह्या मशीनी बनवाचास? मंग कर ना नीट."

"पार्ट मिळत नाही."

मग बसायच्या, चहा घ्यायच्या. तुझ्या बेसिनच्या सरळ खाली आमची विहीर होती, म्हणायच्या. तेव्हापासून मी बेसिनशी जरा आदराने तोंड धुतो. त्या काट्याची गोष्ट मी त्यांना तीनदा सांगितली. तिन्ही वेळा त्यांनी दुसरा कप मागितला.

खोटं छान चाललेलं, पण काळजी पसरली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: चौदाव्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक एकटे राहतात, दार सतत उघडं असतं, कृपया लक्ष द्यावे. तो कुणीतरी बंगळूरला पोहोचवला. मुलाचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. आणि आता स्वतःचं दार तुम्हाला... एकट्याला जमत नसेल तर सांगा. इथे चांगली ओल्ड एज होम्स आहेत."

इथवर येईल असं मला वाटलं नव्हतं. रातोरात नवी स्प्रिंग आली म्हणून सांगावं, आणि काटा गुपचूप तीनवर न्यावा, एवढं साधं होतं. पण तीनवर नेला की आय येणार नाहीत. मी अजून एक दिवस, अजून एक दिवस करत राहिलो.

शनिवारी सकाळी सेक्रेटरी फिटरलाच घेऊन आले. मागोमाग समोरची मुलगी, तिच्यामागे आय. घरात इतकी माणसं बघून मला, खरं सांगतो, आनंद झाला. मी इस्त्रीचा शर्ट घालून चहा टाकला. पकडला जायची वेळ, आणि माझं लक्ष आलं किसण्यात.

फिटर स्टुलावर चढला. "काका, स्प्रिंग तर एकदम कडक आहे. हा बघा, काटाच कुणीतरी एकवर ठेवलाय."

"हादऱ्याने सरकला असेल," मी म्हटलं.

"नाही काका, आपोआप नाही सरकत. मस्त सिस्टीम आहे ही. बघितलं की कळतं. ज्याने बनवली ना, डोकं लावलंय त्याने."

इतक्या वर्षांत त्या काट्याला मिळालेली ती पहिली दाद. आणि ती माझी आहे म्हणून सांगायची सोय नव्हती. सेक्रेटरींनी वर बघितलं, मुलीने माझ्याकडे बघितलं. आय बशीत चहा ओतत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

काटा तीनवर गेला. "आता काळजी नको, काका," असं सगळे एकेक करून म्हणाले आणि गेले. दार खट्ट. मी मुलाला फोन करून सांगितलं, दार झालं. "बरं झालं, बाबा," तो म्हणाला, आणि त्याची मीटिंग होती.

रविवारी कुणी आलं नाही. सोमवारीही नाही. ओट्यावर चार कप उपडे होते, त्यातला एकच मी पुन्हा पुन्हा घेत होतो. एकदा स्टुलाला हात लावला आणि काढून घेतला. आता सगळ्यांना तो काटा वाचता येत होता.

मंगळवारी दुपारी दारावर काठी वाजली. उघडलं तर आय. मी म्हटलं, "या ना, या, चहा टाकतो."

त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. काठीने एकदा वरच्या पेटीकडे दाखवलं, मग पॅसेजच्या टोकाला, आपल्या दाराला टेकवलेल्या वरवंट्याकडे.

"माजं दार दोन वर्सां उघरं हाय. एकदा तरी आयलास? नि म्हने दारांचा साहेब!"