सीटवरच्या वाळूच्या गोण्या

"उतर खाली! तुला सीटवर कोणी बसवलं?"

साहेब दारातूनच ओरडले. लालबागच्या गॅरेजात त्यांची शर्यतीची गाडी उभी होती आणि मी चालवणाऱ्याच्या जागी बसलो होतो. मजेखातर नव्हे. पुढच्या चाकांची अलाइनमेंट करताना सीटवर चालवणाऱ्याइतकं वजन लागतं. नाहीतर दोरा लावून घेतलेलं माप खोटं. मेस्त्रींनीच मला बसवलं होतं, माझं वजन साहेबांइतकंच म्हणून. घरून धुतलेली चादर आणून मी खाली अंथरलीसुद्धा होती.

"साहेब, वजन लागतं," मेस्त्री चाचरत म्हणाले.

"मग वाळूच्या गोण्या ठेवा. ह्या लोकांना नाही."

ह्या लोकांना. साहेब गिरगावातले मोठे वकील. माझं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. मी उतरलो. माझ्यादेखत त्यांनी सीट पेट्रोलने पुसून घेतली. मग दोन गोण्या तिथे बसल्या. वाळू चालते, माणूस चालत नाही!

गोण्या ठेवून माप घेतलं मीच. शर्यतीसाठी पुढच्या चाकांची तोंडं जराशी बाहेर काढली, म्हणजे गाडी चटकन वळते. "शर्यत झाली की लगेच परत आणा," मी बजावलं. "रस्त्यावर अशीच फिरवलीत तर टायर आतल्या कडेने झिजतील." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

जुहूच्या धावपट्टीवर साहेब जिंकले. मग महिनाभर गाडी तशीच मुंबईभर मिरवली. परत आले तेव्हा टायर आतल्या कडेने पार झिजलेले.

"ही तुझ्या हाताची करणी. सगळ्यांसमोर माफी माग आणि चाकं सरळ कर."

"माग रे बाबा," मेस्त्री कानाशी पुटपुटले. "कित्याक वाढवतंस? नोकरी जायत."

गॅरेजात आणखी पाच जण होते. संध्याकाळी मोर्चात माझ्या खांद्याला खांदा लावून संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा फोडणारे. आता एकाचीही मान वर होईना. कोणी पाना पुसतोय, कोणी उगाच नट चाळतोय. एवढा एकटा मी जन्मात नव्हतो. लाज वाटली. त्यांची नाही, माझीच. त्या दिवशी निमूट उतरलो होतो ना मी!

"चूक माझी नाही," मी म्हणालो. "टायरवरून हात फिरवा साहेब. आतून बाहेर गुळगुळीत लागेल, उलटा फिरवलात की धार लागेल. शर्यतीची चाकं तशीच रस्त्यावर फिरवल्याची खूण आहे ती. मी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

"मुजोर!"

मेस्त्री घाईघाईने गोण्या घेऊन आले. मी त्यांच्या हातातून घेतल्या आणि बाहेर फुटपाथवर टाकल्या. जाऊन सीटवर बसलो. चादर न अंथरता.

"धरा दोरा," मी म्हटलं.

कोणी आलं नाही. साहेब ओरडत होते. मी बसून राहिलो, मला हवा तेवढा वेळ. मग उतरलो. दोरा माझा होता, तो गुंडाळून खिशात घातला. नोकरी तिथेच ठेवली.

तेव्हापासून काम मागायला गेलो की आधी एकच सांगतो. माप घेताना सीटवर माणूस बसेल, आणि तो मीही असेन. पटत नसेल तर तुमच्या चाकांना मी हात लावणार नाही. बरीच गॅरेजं सुटली. अजूनही सुटतील. मी उतरणार नाही.